डोकं दुखलं की लागणारी सुई घरीच आणून ठेवू का?

सेलू तालुक्यातनं एका दादांचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं जेवढं लागतंय तेवढंच इथं देते. नाव-गाव टाकू नका असं त्यांनीच लिहिलंय.

"डॉक्टर ताई, नमस्कार. माझ्या मिसेसला, वय ३३, लग्नाच्या आधीपासनं अर्धशिशी हाय. मागच्या आठवड्यात सकाळपासनं डावी बाजू ठणकायली, उजेड सहन होईना, गोळी घेतली की लगेच उलटून पडायली. रात्री परभणीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनी विचारपूस केली, बॅटरी मारून डोळे बघितले, हातपाय उचलायला लावले आन एक सुई उलटीची, एक दुखण्याची, दोन्ही शिरेतून दिल्या. पहिल्या सुईनंतर ती एकदम बेचैन झाली, सलाईन काढून टाका, मला भायेर न्या म्हणायली, थोड्या वेळानं शांत झाली. मग तासाभरात डोकं उतरलं, झोप लागली, दोन वाजता सोडून दिलं. सीटी नाही, एमआरआय नाही. आता घरात वाद लागलाय. मेव्हणे म्हणतेत सीटी न काढता सोडलंच कसं, शेजारचे म्हणतेत या सुईनं किडनी जाते. मला वाटायलंय की गोळीपेक्षा सुई लागू पडली तर तीच मेडिकलवरनं आणून घरात ठेवावी, गावातले डॉक्टर टोचून देतेत, दरवेळी रात्रीचं परभणीला पळायचं काम नाही. तशी ती महिन्यातले निम्मे दिवस कॉम्बिफ्लाम घेतीच. आईलाबी, वय ६४, बीपीची गोळी चालू हाय, डोकं दुखलं की तीच गोळी देतो. बरोबर का चूक ते सांगा."

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हे वाचेपर्यंत तुम्ही मेडिकलवर जाऊन आला असाल तर पंचाईत. सुई आणून घरी ठेवू नका. आणि आईंना डोकेदुखीसाठी देता ती कॉम्बिफ्लाम आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

आता वहिनींचं. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाठवलात ते लई बरं केलं. त्यावर स्वच्छ लिहिलंय, मेटोक्लोप्रामाइड १० एमजी, केटोरोलॅक ३० एमजी, दोन्ही शिरेतून, सोबत एक सलाईन. हे बरोबर दिलंय, मी तिथं ड्युटीवर असते तर मीसुद्धा असंच काहीतरी दिलं असतं. केटोरोलॅक हे सूज आणि दुखणं कमी करणारं औषध, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन या सगळ्यांच्या घराण्यातलंच. दुखऱ्या जागी शरीर प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं रसायन तयार करतं, त्यानं तिथल्या नसा जास्तच हुळहुळ्या होतात, आणि ही औषधं ते रसायन तयारच होऊ देत नाहीत. ॲस्पिरिन नेमकं असंच काम करतं हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तोवर जग पाऊणशे वर्षं ॲस्पिरिन खात होतं पण ते काम कसं करतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं.

मग गोळी लागू पडली नाही आणि सुई पडली, असं का? तुम्ही लिहिलंय गोळी उलटून पडायची, ते तर आहेच, पण समजा उलटी झाली नसती तरी फार फरक पडला नसता. अर्धशिशीचा झटका भरात आला की पोटाची हालचालच मंदावते, गोळी तशीच पोटात पडून राहते, पुढं आतड्यात सरकत नाही आणि रक्तात पोचत नाही. लोक म्हणतात ना, "चार गोळ्या खाल्ल्या तरी डोकं काही हटेना", त्यातल्या बऱ्याच जणांची गोळी पोटातच अडकलेली असते. शिरेतनं दिलेलं औषध हा सगळा रस्ता टाळून थेट रक्तात जातं आणि अर्ध्या-एक तासात काम सुरू करतं. म्हणजे सुई काही वेगळ्या जातीचं जबरदस्त औषध नाहीये हो, वहिनी घरी घेतात त्याच प्रकारचं औषध वेगळ्या वाटेनं गेलं एवढंच. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ती "उलटीची सुई" आहे ना, ती फक्त उलटीसाठी नव्हती. मेटोक्लोप्रामाइड हे अर्धशिशीवरचंच औषध आहे, उलटी होत नसली तरी देतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या इमर्जन्सीत ३३० पेशंटवर केलेला एक अभ्यास छापून आला, त्यात शिरेतून तीन औषधांची तुलना केली होती, व्हॅल्प्रोएट (हे मुळात फिटचं औषध), मेटोक्लोप्रामाइड आणि केटोरोलॅक. शून्य ते दहा अशा मापावर एका तासात दुखणं किती उतरलं ते विचारलं, तर मेटोक्लोप्रामाइडवाल्यांचं ४.७ नं उतरलं, केटोरोलॅकवाल्यांचं ३.९ नं आणि व्हॅल्प्रोएटवाल्यांचं २.८ नं. म्हणजे उलटीची म्हणून आपण जिला बाजूला काढतो तीच सुई पुढं निघाली. दुखण्याची सुई तिच्या खालोखाल, तीही चांगलीच. दोन्ही मिळून दिल्या तर दोघींचा उपयोग, म्हणून बऱ्याच ठिकाणी जोडीनंच देतात.

वहिनींना जी बेचैनी झाली ती याच उलटीच्या सुईची. ती ॲलर्जी नाही, रिॲक्शन म्हणून घाबरायचं नाही, आणि किडनीशी तर तिचा काडीचा संबंध नाही. या औषधानं काही लोकांचा जीव आतून असा खवळतो की एका जागी बसवत नाही, पाय हलवत राहावं वाटतं, उठून पळावं वाटतं, पण नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही. बायका तर बिचाऱ्या "मला काहीतरी व्हायलंय" एवढंच म्हणतात आणि नातेवाईकांना वाटतं की ही नाटकं करायली. औषध भस्सकन शिरेत सोडलं की हे जास्त होतं, सलाईनमध्ये टाकून पंधरा मिनिटं हळूहळू दिलं की कमी होतं. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधीच सांगा, "मागच्या वेळी मेटोक्लोप्रामाइडनं लई बेचैन झाली होती, सावकाश द्या." कागदावर हे नाव लिहून वहिनींच्या पाकिटात ठेवा. डॉक्टर हळू देतील नाहीतर दुसरं काही निवडतील, आणि झालंच तर त्यावर उतारा असतो.

तुमच्या पत्रात नाही पण बाकीचे पेशंट विचारतात म्हणून सांगते, "मला ट्रामाडॉलची द्या, ती कडक असते." अर्धशिशीला नशेच्या जातीची वेदनाशामकं देऊ नयेत असंच आता सगळीकडं सांगतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण दुखणं परत येतं, पेशंट परत कॅज्युल्टीत येतो आणि हळूहळू त्याच सुईची सवय लागते. तुमच्या परभणीच्या डॉक्टरनी ती दिली नाही याचं मला बरं वाटलं.

आता मेव्हण्यांचा राग. सीटी का नाही काढला.

तुम्ही लिहिलंय "विचारपूस केली, बॅटरी मारून डोळे बघितले, हातपाय उचलायला लावले", आणि लिहिताना तुमचा सूर असा आहे की एवढंच केलं. दादा, तेच तर सगळ्यात मोठं काम होतं. बॅटरी मारून बघतात ते दोन्ही बाहुल्या सारख्या लहान होतात का ते. हात समोर धरून डोळे मिटायला सांगतात, एक हात आपोआप खाली यायला लागला तर मेंदूच्या एका बाजूला काहीतरी गडबड आहे असं कळतं. हसून दाखवा म्हणतात, तोंड वाकडं होतंय का बघायला. मान पुढं वाकवून हनुवटी छातीला लावायला सांगतात, ती ताठ असली तर मेंदूज्वर नाहीतर मेंदूच्या आवरणातला रक्तस्राव डोक्यात येतो. चालवून बघतात तोल जातोय का. हे सगळं नॉर्मल असेल, दुखणं नेहमीच्याच बाजूला, नेहमीसारखंच असेल आणि वर्षानुवर्षं असेच झटके येत असतील, तर सीटीत काही सापडायची शक्यता फारच थोडी असते. मग उगाच पैसे जातात आणि डोक्याला एक्सरेचे किरण लागतात, आणि सीटीत अर्धशिशी दिसत नाही ती नाहीच.

पण मेव्हण्यांची काळजी पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. काही डोकेदुख्या अशा असतात की तिथं सीटीशिवाय सोडणं चूकच. त्या कुठल्या ते घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे, तुम्हाला, मेव्हण्यांना, आणि वहिनींना स्वतःलाही.

एकदम आलेली डोकेदुखी. एकदम म्हणजे कशी, तर बसल्या जागी, मिनिटभराच्या आत शिगेला पोचलेली, "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं" अशी. हातपंपावर जोर लावताना, परसाकडं कुंथताना, नवरा-बायकोच्या संबंधाच्या वेळी अशी कळ आली तर तिथं थांबायचंच नाही. ही मेंदूभोवतीची रक्तवाहिनी फुटल्याची खूण असू शकते, आणि यात वेळेला फार किंमत आहे. सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या मशीनवर सीटी झाला तर तो रक्तस्राव जवळजवळ चुकतच नाही, त्यानंतर जसजसा उशीर होईल तसतसं सीटीत दिसणं कमी होत जातं आणि मग पाठीतलं पाणी काढून बघायची वेळ येते. तेव्हा "सकाळी बघू" नको, १०८ ला फोन करा नाहीतर जी गाडी मिळेल ती काढा आणि जिथं सीटी आहे तिथंच न्या.

तसंच ताप आणि मान ताठ. बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा पडला, फिट आली, बेशुद्ध झाले, गाडीवरनं पडल्यावर डोकं दुखायला लागलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, कॅन्सरचा इलाज चाललाय, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा असं दुखायला लागलं, या सगळ्यात तपासणी वाढते. डोळा लाल होऊन दुखत असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल तर तो डोळ्यातला दाब असू शकतो.

आणि बाळंतिणी. यावर मला थोडं थांबायचंय. पाच महिने उलटून गेलेल्या गरोदर बाईचं डोकं जोरात दुखत असेल तर सगळ्यात आधी बीपी मोजा, गोळी नंतर. बाळंतपण होऊन महिना-दीड महिना झाला नाही आणि डोकं सारखं दुखतंय, उलट्या होतायत, नजर अंधुक होतेय, तर ते मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं असू शकतं. आपल्याकडं बाळंतिणीचं डोकं दुखलं की "वारं लागलं", "कानाला बांधलं नव्हतं" म्हणून घरातच ओवा-शेपाची धुरी देत बसतात आणि पोरगी फिट आल्यावर दवाखान्यात येते. कृपा करून असं करू नका. कानाला बांधा हवं तर, पण गाडीत बसवून बांधा.

आता सुईबद्दल मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. सुईनं डोकं उतरलं म्हणजे दुखणं साधं होतं, असं सिद्ध होत नाही. रक्तस्रावाचं दुखणंसुद्धा केटोरोलॅकनं तात्पुरतं कमी होऊ शकतं, मेंदूज्वराचंही होऊ शकतं. सुई फक्त दुखणं कमी करते, कशानं दुखतंय ते ती सांगत नाही. ते कळतं ते सुईच्या आधी विचारलेल्या प्रश्नांतनं आणि बॅटरी मारून, मान वाकवून केलेल्या तपासणीतनं. परभणीला वहिनींना आधी तपासलं आणि मग सुई दिली, म्हणून मी तिला बरोबर म्हणते. तुम्ही तीच सुई फ्रीजवर ठेवून दिली आणि रात्री बारा वाजता गावातल्या डॉक्टरना "नेहमीचंच हाय, टोचा" म्हणून बोलावलं, तर ते प्रश्न कोण विचारणार? नव्व्याण्णव वेळा नेहमीचंच असेल. शंभराव्या वेळी नसेल, आणि सुईनं उतरलं म्हणून तुम्ही सगळे निवांत झोपाल.

घरी नको म्हणायची बाकीची कारणंही आहेत. गावात शिरेतनं कुणी देत नाही, कमरेत टोचतात, आणि डायक्लोफिनॅकसारखी सुई कुल्ल्यावर चुकीच्या जागी गेली तर पायाच्या नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडलेले पेशंट असतात. कधी टोचल्या जागेची कातडी काळी पडून सडते. फार थोड्यांना होतं, पण ज्याला होतं त्याचा हंगाम गेला, कधी कधी पाय गेला. ज्यांना ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेननं दमा उठतो त्यांना या सुईनं मिनिटात श्वास कोंडू शकतो, आणि तेव्हा ऑक्सिजन आणि ॲड्रेनलिन जवळ लागतं. शिवाय केटोरोलॅक सगळं मिळून पाच दिवसांच्या वर द्यायचंच नाही असा नियम आहे, या घराण्यातली इतर औषधं एवढी कडक बांधलेली नाहीत. पोटात रक्तस्राव करण्यात हे पुढं आहे. आणि हो, "सुई घेतली की पोटाला त्रास नाही, गोळीच पोट जाळते" हा समज चुकीचा आहे, कारण पोटाचं अस्तर जपणारं प्रोस्टाग्लॅन्डिन ही सुई रक्तातनं जाऊनसुद्धा बंद करतेच.

डोसचंही सांगते, कारण लोक म्हणतात "एकानं नाही उतरलं तर दोन मारा". २०१७ मध्ये २४० पेशंटवर झालेल्या अभ्यासात शिरेतून १० एमजी, १५ एमजी आणि ३० एमजी केटोरोलॅक देऊन बघितलं, त्यात पोट, पाठ, डोकं अशी वेगवेगळी दुखणी होती, आणि तिघांनाही आराम सारखाच मिळाला. म्हणजे डोस वाढवला तर दुखणं जास्त उतरत नाही, फक्त पोटाचा आणि किडनीचा धोका वाढतो.

किडनी. शेजारचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. ३३ वर्षांची, बीपी-शुगर नसलेली बाई, सलाईन चालू असताना एक सुई, यानं किडनी जात नाही. पण किडनी कशानं बिघडते ते समजून घ्या. अंगात पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लॅन्डिन किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं, पाटाला पाणी कमी आलं की आपण दारं मोठं करतो तसं. ही औषधं ते दारं बारीक करतात. पाणी भरपूर असेल तर फारसं जाणवत नाही. पण एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात दिवसभर रानात राबलेला, घामानं निथळलेला, संडास-उलटीनं सुकलेला माणूस रात्री डोकं दुखतंय म्हणून अशी सुई घेतो तेव्हा किडनीला आधीच रक्त कमी पोचत असतं. उन्हाळ्यात आपल्याकडं बऱ्याच डोकेदुख्या पाणी न पिल्याच्या, उन्हाच्या आणि उपाशीपोटी राहण्याच्याच असतात, त्यांना आधी सावली, ओआरएस, थोडं खाणं द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना तर मी हात जोडून सांगते, सकाळी कोयता धरायच्या आधी दुखण्याची गोळी आणि दिवसभर घोटभर पाणी, ही सवय मोडा.

पावसाळ्यात आणखी एक. ताप आहे, डोळ्यांच्या मागं दुखतंय, अंग मोडून आलंय, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफिनॅकची सुई नको, आयब्युप्रोफेन नको, ॲस्पिरिन नको. पॅरासिटामॉल आणि पाणी. "ताप उतरायची सुई द्या" म्हणून हट्ट धरू नका.

आता वहिनींच्या "महिन्यातले निम्मे दिवस". खरं सांगू का दादा, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे वाक्य, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एमजी असतं. अशा साध्या दुखण्याच्या गोळ्या महिन्यातनं पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याचं डोकं गोळ्यांमुळंच दुखायला लागतं. कॉफीचा अंश असलेल्या किंवा कोडीनच्या मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान, म्हणजे खास अर्धशिशीच्याच गोळ्या, असतील तर दहा दिवसच पुरतात. मग गोळी उतरली की डोकं चढतं, डोकं चढलं की गोळी, असं ते फिरत राहतं. बाईला वाटतं आपला आजार वाढला. घरातले म्हणतात हिचं रोजचंच रडगाणं हाय. दोघांनाही कळत नाही की स्ट्रिपच दुखणं तयार करायली. यात आणखी सुई घालायची म्हणजे तेच दुखणं वाढवायचं.

तेव्हा एक वही करा. भिंतीवरचं कॅलेंडर असेल तर त्यावरच लिहा, ज्या दिवशी दुखलं त्या तारखेला गोल, ज्या दिवशी गोळी घेतली त्यात फुली, पाळीच्या तारखेला एक खूण. दोन महिन्यांचं असं कॅलेंडर घेऊन परभणी, नांदेड नाहीतर संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात, मेडिसिनच्या ओपीडीत दिवसा जा. रात्रीच्या कॅज्युल्टीत अर्धशिशीचा कायमचा इलाज कुणालाच करता येत नाही, समोर हार्ट अटॅक आणि साप चावलेला पेशंट असतो. दिवसाच्या ओपीडीत झटके कमी करायची रोजची गोळी सुरू करता येते, प्रोप्रॅनोलॉल असेल, अमिट्रिप्टिलिन असेल, दमा आहे का, वजन किती, मूल हवंय का, हे बघून डॉक्टर ठरवतात. तिचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

आणि झटका आलाच तर गोळी लवकर आणि पुरेशी घ्यायची. कपाळ नुसतं जड व्हायला लागलं की तेव्हाच, पोट अजून चालू असताना. वहिनी बहुतेक आधी स्वयंपाक उरकतात, लेकरांचे डबे भरतात, आणि अगदीच सहन होईना झालं की गोळी घेतात, तोवर पोट थांबलेलं असतं. डॉक्टरना विचारून नेप्रोक्सेन ५०० सोबत उलटीची गोळी असं लिहून घ्या. कॅज्युल्टीतनं घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत डोकं परत दुखणं हे नेहमीचं आहे, त्याला सुई फेल गेली म्हणायचं नाही. अशा परत उठलेल्या दुखण्यावर नेप्रोक्सेन ५०० आणि महागडी सुमाट्रिप्टान १०० यांची तुलना झालीय, दोन्ही सारख्याच निघाल्या. फक्त हे सगळं मिळून आठवड्यातनं दोन दिवसांच्या वर जाऊ देऊ नका.

वहिनींना एक प्रश्न तुम्हीच विचारा. दुखायच्या आधी डोळ्यासमोर नागमोडी रेघा, चमचम, अर्धं दिसेनासं, असं होतं का? होत असेल आणि त्या माला-एन किंवा तसली पाळणा लांबवायची गोळी घेत असतील, तर आशाताईंना किंवा डॉक्टरना लगेच सांगून ती बदलून घ्या. अशा बायकांना त्या गोळीनं पक्षाघाताचा धोका वाढतो. बिनहार्मोनची छाया गोळी आहे, तांबी आहे, त्यांचा तसा त्रास नाही.

राहता राहिल्या आई. बीपीच्या गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यातलं एखादं नाव असेल, आणि त्याच्या पुढं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असेल, तर त्यावर कॉम्बिफ्लाम म्हणजे किडनीवर तिन्हीकडनं ताण. शिवाय या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं, म्हणजे एका हातानं उतरवायचं आणि दुसऱ्या हातानं चढवायचं. त्यांना डोकं दुखलं की पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० पुरे. बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका.

आणि त्यांचं डोकं कधीपासनं दुखतंय ते तुम्ही लिहिलं नाही. तरुणपणापासनं असेल तर वेगळं, पण या वर्ष-दोन वर्षात सुरू झालं असेल तर चौसष्टाव्या वर्षी ते तपासूनच घ्यायला पाहिजे, आणि मेव्हण्यांना सीटीचा आग्रह धरायचाच असेल तर तो इथं धरायला सांगा. उद्या-परवा उपकेंद्रात बीपी मोजून घ्या, शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करायला रक्त द्या. रिपोर्टचा आणि स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, मग पुढचं सांगते.